गणिताच्या मास्तरांची म्हैस

"पयले माणसं जाऊ द्या, जनावराचं मंग पाहू," असं म्हणून गणिताचे मास्तर कवड्या मुठीत धरून ठेवायचे आणि आम्ही तिघं त्या मुठीकडे पाहत बसायचो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला खेळ हा नुसता खेळ आहे हे शेवटपर्यंत पटत नाही. धाड गावच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. महाराष्ट्र राज्य नवं होतं, आम्हीही नवे होतो, आणि बाजाराचा दिवस सोडला तर गावात करमणूक म्हणून काही नव्हती. तेव्हा इतिहासाच्या मास्तरांनी एक खेळ काढला. रविवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात ते खडूने किल्ला, खिंड, नदी काढायचे आणि गोष्ट सांगू लागायचे. गोष्टीतले लढवय्ये आम्ही. शत्रू आला की काय करायचं ते आपण बोलायचं. ते जमलं की फसलं, हे कवड्या ठरवणार. चिंचोका म्हणजे आपला गडी. तो पडला की आपण खेळातून बाद. शिवाय प्रत्येकाला लढाईत सोबत एक जनावर घेता यायचं.

मी वाघ घेतला. कवायतीच्या मास्तरांनी हत्ती घेतला. गणिताच्या मास्तरांनी बराच वेळ विचार करून म्हैस घेतली.

"म्हैस? लढायला?" इतिहासाचे मास्तर म्हणाले.

"हाव. काऊन, चालत नाही काय?"

नियमात तशी कुठं मनाई नव्हती. फुटक्या पाटीचा एक काळा तुकडा त्यांनी आपल्या चिंचोक्याच्या मागे, सावलीत ठेवला.

पहिल्याच चकमकीत आम्ही घेरले गेलो. म्हैस सोडा, म्हैस सोडा, असा आम्ही धोशा लावला. ते शांतपणे म्हणाले, "आता कशी सोडू? धारेची वेळ झाली तिची." पुढच्या रविवारी ती गाभण निघाली.

"कधीपासून?" इतिहासाच्या मास्तरांनी विचारलं.

"मांगच्या रविवारपासून."

गंमत अशी की खऱ्या म्हशीला हा माणूस भलता भ्यायचा. बाजारात म्हैस दिसली की कापडवाल्यांच्या ओळीतून लांबचा वळसा घालून जायचा. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "ते लोकायची हाये. हे माही हाये."

मग खिंडीची लढाई आली. माझा वाघ गेला होता, हत्ती दरीत पडला होता, आणि माझा गडी जखमी होऊन खिंडीत अडकला होता. म्हैस पुढे घातली असती तर वाट मोकळी झाली असती. कवायतीचे मास्तर गुडघ्यांवर उभे राहून ओरडत होते. गणिताच्या मास्तरांनी पाटीचा तुकडा आणखी मागे सरकवला आणि स्वतःचा चिंचोका उचलून खिंडीत ठेवला.

"भाऊले मी आणतो," ते म्हणाले.

कवड्या पडल्या. मी सुटलो. पुन्हा पडल्या, त्या सगळ्या पालथ्या. ते मेले.

इतिहासाच्या मास्तरांनी त्यांचा चिंचोका उचलून डबीत टाकला. ते मात्र हलले नाहीत. "अन् म्हशीचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. शेवटी त्यांनी तो तुकडा माझ्यापुढे ठेवला. "सांभाळा. मारकी नाही."

बाद झालेला माणूस घरी झोप काढतो. हे दर रविवारी येऊन खांबाला टेकून माझ्या शेजारी बसू लागले. गोष्टीत नदी लागली की हळूच विचारायचे, "पाणी पाजलं काय?"

"पाजलं, मास्तर."

शेवटी आम्ही गडाच्या दरवाजाशी पोहोचलो. तो फोडायला म्हैस एवढंच काय ते हाताशी उरलं होतं. इतके रविवार ज्याच्यासाठी घालवले तो गड समोर होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अंगणातल्या लिंबाकडे बघत म्हणाले, "आता तुमची हाये ते. तुमच्या मनानं करा."

मी तुकडा हातात घेतला. फुटक्या पाटीचाच तो, पण हातातून पुढे जाईना. "आधी मी जातो," मी म्हणालो. गेलो, आणि दोन फेकीत मेलो.

"एका म्हशीपायी दोन मास्तर गेले," इतिहासाचे मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले.

घरी जाताना गणिताच्या मास्तरांनी वाटेत मला चहा पाजला, आणि त्या सबंध चहात गणिताच्या नव्या पुस्तकाबद्दलच बोलत राहिले.

म्हैस आता कवायतीच्या मास्तरांकडे गेली. "पुढच्या रविवारी पयले इलेच सोडतो," असं त्यांनी सर्वांसमोर जाहीर केलं. पण त्या आठवड्यातच गणिताच्या मास्तरांची वडनेर भोलजीला बदली झाली. आम्ही तिघं त्यांना एसटीवर पोहोचवायला गेलो. वळकटी टपावर चढली. खिडकीतून ते कवायतीच्या मास्तरांना म्हणाले, "उन्हात बांधू नका." मग गाडी हलली.

रविवारी व्हरांड्यात गड पुन्हा काढून झाला. मी आपला नुसता बघायला बसलो होतो. इतिहासाच्या मास्तरांनी शत्रूची फौज दरवाजाबाहेर आणली आणि म्हणाले, "हं, सोडा."

कवायतीच्या मास्तरांनी कवड्या खुळखुळवल्या, मग थांबले. खांबापाशी कोणी नव्हतं. त्यांनी कवड्या खाली ठेवल्या.

"आज नाही जमणार," ते म्हणाले. "पाय मुरगळला तिचा."