उंबऱ्याबाहेरचा दोर

गुरुवारी जन्मली म्हणून फुर्दिकी. शेर्पांच्या घरात नावासाठी कुणी फार डोकं खाजवत बसत नाही. बाप डोंगरावर दोरावरून पडून गेला, त्याचा देह बर्फातच राहिला. आणि खार्देन गावची रीत अशी, की ज्या घरचा माणूस दोरावर गेला, त्या घरात दोर पुन्हा उंबरा ओलांडत नाही. सतराव्या वर्षी पोरगी दोर खांद्यावर टाकून निघाली, तेव्हा तिची आमा रडली नाही की आडवी आली नाही. एवढंच म्हणाली, "तो खांद्यावर आहे तोवर या घरात पाऊल टाकू नकोस."

सहा वर्षं फुर्दिकीने पाऊल टाकलं नाही. आई तशी लेक, दोघींच्या हट्टाला तोड नव्हती. तिने शिखरं सर केली, काठमांडूच्या पेपरात फोटो आला. पण उंचावर तंबूत पडलं की तिला आठवायचा तो घरचा धूर. रोज सकाळी आमा अंगणात निखाऱ्यावर धूपीच्या झुडपाची ओली पानं टाकायची आणि पांढरा धूर सरळ वर जायचा. त्या वासासाठी जीव तुटायचा, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या वैशाखात ती खालच्या सिमडोलपर्यंत आली. घर तिथून दीड तासावर. दोर दावा काकीच्या चहाच्या दुकानात ठेवायचा आणि रिकाम्या खांद्याने घरी जायचं, असं तिने ठरवलं होतं. पण पाय उचलत नव्हता.

"तिसरा चहा झाला तुझा," काकी म्हणाली. "वर आई बसलीय की वाघीण?"

"वाघीण परवडली, काकी."

शनिवार होता, दुपार व्हायला आली होती. आणि जमीन हलली.

धूळ खाली बसली तेव्हा काकीचं दुकान नव्हतं, काकी होती. खार्देनची वाट नव्हती. तिथे अख्खा उतार घसरून नदीत गेला होता. वर धारेवर आमाचं घर अर्धं उभं दिसत होतं. फुर्दिकीने दोर उचलला, घसरणीवरून सरपटत पलीकडे गेली, खडकात खिळे ठोकून दोर ताणला. आता घराकडे धावत सुटायचं, एवढंच मनात होतं. तोवर वरून माणसं आलीच. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाला डोकोत, पाठीवरच्या टोपलीत, घातलेलं. वरचं बर्फाचं तळं फुटणार अशी आवई उठली होती, सगळं गाव खाली निघालं होतं. दोर बांधणारी ती एकटीच. ती थांबली.

"आमा?" ती प्रत्येकाला विचारायची.

"धडधाकट आहे," आंगन्हुरी नावाचा म्हातारा म्हणाला. "खड्ड्यातले बटाटे उकरून गावाला खायला घालतेय. ये म्हटलं तर म्हणते, दोराला हात लावणार नाही. आणि पोरी, माझ्या बायकोला सगळ्यात शेवटी ने. दोन घटका कानाला विश्रांती."

"मी ऐकतेय हं!" डोकोत बसलेली मोडक्या पायाची म्हातारी ओरडली. फुर्दिकीने तिलाच आधी नेलं.

जमीन मधूनच थरथरायची, खिळे सैल व्हायचे, ती पुन्हा ठोकायची. चार दिवस असे गेले. रोज सकाळी ती आधी धारेकडे बघायची. धूर दिसला की कामाला लागायची. धूर आहे म्हणजे आमा आहे.

पाचव्या दिवशी धूर नव्हता.

दोराशी अकरा माणसं उभी होती, पुढे एक बाळंतीण. दीड तासाची वाट, तीही आता मोडलेली. जाऊन यायला अर्धा दिवस, आणि वरून दगड सुटायला लागले होते. फुर्दिकीने हार्नेस बाळंतिणीच्या कमरेला आवळला. ती स्वतः रडत होती आणि गाठी तपासत होती. एकेकाला सिमडोलकडे पोचवून परत येताना तिची नजर धारेवरच जायची. धारेवर काही नव्हतं. दहा माणसं झाली. अकराव्याला बांधायला ती वळली.

अकरावी आमा होती. कमरेच्या पट्टेदार पांगदेनच्या ओच्यात बियाण्याचे बटाटे घट्ट धरून उभी.

"आमा! धूर का नाही केलास?"

"धूर कोण करणार? मी पहाटेपासून इथे रांगेत आहे, मागे खडकाआड बसले होते."

"मग हाक नाही मारायची?"

"काम करत होतीस." आमाने दोराकडे बघितलं, मग लेकीच्या सोललेल्या हातांकडे. "बांध आता. बटाटे सांडतील, हळू."

संध्याकाळी सिमडोलच्या शेतात ताडपत्रीखाली दोघी टेकल्या. फुर्दिकीने सवयीने धारेकडे पाहिलं. तिथे आता चूल नव्हती, धूर करणारं कुणी नव्हतं. सहा वर्षं ज्या घरी जायची आस धरली ते घर तिनेच दोराला बांधून खाली आणलं होतं, आणि तरी तिला घरीच जायचं होतं.

पाऊस लागला. दोर तिने बाहेर, ताडपत्रीपलीकडे दगडावर ठेवला होता.

आमाने बटाटे बाजूला सरकवून जागा केली.

"आत आण तो," ती म्हणाली. "भिजेल."