निरोगी नमुना

काम सुरू करण्याआधी परब मॅडम पंखा बंद करायच्या. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आमची छोटी प्रयोगशाळा होती, आणि मे महिन्यातही हाच नियम. एन्झाइमचा थेंब वाऱ्याने वेडावाकडा सुकला की पट्टी वाया जायची. आम्ही घामाने निथळत असायचो आणि त्या म्हणायच्या, "एन्झाइमला घाई चालत नाही गं. आपणच थांबायचं."

मूत्रपिंडं बिघडली की रक्तात क्रिएटिनिन साठतं. ते बोटातल्या एका थेंबावरून सांगणारी पट्टी आम्ही बनवत होतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा काळा लेप आणि त्यावर एन्झाइम. क्रिएटिनिन जास्त, तर विजेचा प्रवाहही जास्त. माझा आकडा विचित्र आला की मॅडम मालवणीवर उतरायच्या, "पट्टी खोटा बोलणा नाय. हात बोलतत."

एका दुपारी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मॅडमनी स्वतःचंच बोट टोचलं. प्रवाह भलताच वर गेला.

"लेप जाड झालाय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या पट्टीवरही तेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा लेप नव्याने केला. तरी तेच. मग त्यांनी माझं बोट पुढे ओढलं. माझा आकडा जिथे यायला हवा तिथेच आला.

"झकास," मॅडम म्हणाल्या. "पट्टी चालते."

हात धुऊन त्या जेवायला बसल्या. मी माझा डबा उघडलाच नाही. त्यांनी डबा संपवला, घासला आणि पालथा घातला.

हॉस्पिटलच्या तपासणीतही तेच निघालं. मुलुंडला डायलिसिस सुरू झालं. मी भेटायला गेले तेव्हा तिथली सिस्टर त्यांना "टीचर" म्हणत होती. ती गेल्यावर मी विचारलं, "मॅडम, हे काय?"

"शाळेत शिकवते म्हणून सांगितलंय. खरं सांगितलं तर विचारतील ना, मग तुम्हाला आधी कसं कळलं नाही?"

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

त्या गेल्या त्या सकाळी त्यांचे मिस्टर आत सह्या करत होते. मी बाहेर बाकावर बसले होते. रडू येत नव्हतं. तीच सिस्टर शेजारी येऊन टेकली.

"खूप शांत होत्या टीचर. कुठल्या शाळेत होत्या?"

"साकीनाक्याला," मी म्हटलं.

"काय शिकवायच्या?"

"विज्ञान."