सासूबाईंचा ठोंब

“वन्सं, तो झाडाचा ठोंब आहे, सोफा नाही, अख्खा उचलून टेम्पोत टाकायला.”

“तू आहेस म्हणूनच अख्खा नेते, वहिनी. तुझ्याकडे राहिला तर हाही जायचा. बाकीच्यांचं काय केलंस ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

नणंद-भावजय कारखान्याच्या मागच्या अंगणात उभ्या होत्या. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तिथं नवरा लाकडी सांगाडे ठोकतो आणि बायको त्यांच्यावर स्प्रिंगा, कापूस, कापड चढवते. जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, येईल ते. गल्लीत तिला सगळे गादीवालीच म्हणतात. नावानं हाक मारली तर ती बहुतेक मागं वळूनसुद्धा बघणार नाही.

मागचं अंगण दोन उंच भिंतींच्या मधोमध दडपलेलं. ऊन तिथं येतं ते घाईतल्या पाहुण्यासारखं, टेकायच्या आत उठतं. भिंतीला शेवाळ, फरशीला शेवाळ. इथं काही उगवायचं नाही असं जो तो म्हणत असताना सासूबाईंनी तिथं प्रिमरोझ लावले. जमिनीला चिकटून बसणारी सुरकुतलेली पानं, आणि थंडी सरता सरता त्यांच्या मधोमध फिक्या पिवळ्या फुलांचा झुबका. ही झाडं उन्हात करपतात, असल्या ओलसर सावलीत मात्र खुशाल असतात. सासूबाई गेल्यावर वाफा सुनेकडे आला. तिनं तो बरीच वर्षं नीट सांभाळला, आणि मग तिला माया आली.

गेल्या थंडीत तिनं एका जुन्या सोफ्यातून निघालेला कापूस प्रत्येक झाडाच्या गळ्याभोवती दाबून बसवला. बिचाऱ्यांना ऊब! कापसानं अंगणातली सगळी ओल पिऊन घेतली आणि धरून ठेवली. थंडी सरली तेव्हा पानाला हात लावला की पान बुडातून सुटून हातात येत होतं. उरला तो कोपऱ्यातला एक ठोंब, तोही तिथवर कापूस पुरला नाही म्हणून.

“झाडांना गादी घालणारी जगात तू पहिलीच,” नणंद म्हणाली. ती दुसऱ्या गावी राहायला चालली होती. आईचं म्हणून तिला हे एवढंच हवं होतं. बादली आणि खुरपं घरूनच घेऊन आली होती.

“घातली. चुकलं. तेच दळण किती वेळा दळाल?” गादीवाली उकिडवी बसली. “आता इकडं बघा. यंदा फुलं किती आली? दोन. गाभा लाकूड झालाय, मान मातीच्या वर आलीय. आत सगळे फुटवे एकमेकांच्या उरावर बसलेत. असाच नेलात तर पुढच्या वर्षी नुसता पाला बघाल. फोडायला हवा.”

“फोडायला? आईचा ठोंब?”

दारात रंधा घेऊन उभा असलेला नवरा एवढं ऐकून म्हणाला, “मला आत काम आहे,” आणि गेला.

“फोडलास आणि मेला तर?”

“तर तुम्हाला जन्मभर बोलायला पुरेल.”

नणंद हसली नाही. “चेष्टा नको गं. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही.”

गादीवालीनं तिच्या हातातलं खुरपं घेतलं. लांबून माती सैल करत तिनं ठोंब उचलला, झटकला. वर्षानुवर्षं बसून दडपलेला कापूस तिच्या हातात रोजच येतो. तो कापायचा नसतो. अंगठे आत घालून चाचपायचं, जिथं तो आपणहून सैल असतो तिथून ओढायचं. इथंही अंगठे तसेच आत गेले, थांबले.

“धरा इकडून.”

“मी?”

“तुम्हीच. म्हणजे मेला तर दोघींनी मारला.”

नणंदेनं डोळे मिटून ओढलं. करकर आवाज झाला आणि चिखल तिच्या बाहेर जायच्या कपड्यांवर उडाला. तिनं चिखलाच्या सात पिढ्या उद्धारल्या. तरी दुसऱ्यांदा ओढताना तिचे डोळे उघडे होते. मुळांसकट पाच फुटवे निघाले. गाभा गादीवालीनं भिरकावला.

“अगं, ते काय टाकतेस?”

“लाकूड आहे ते, सासूबाई नव्हेत.”

चांगले तीन फुटवे नणंदेनं निवडून घेतले. “मान पुरू नका, मातीच्या बरोबरीनं ठेवा. आणि ऊन नको,” असं बजावून गादीवालीनं बादली तिच्या हातात दिली.

आठवड्याभरानं फोन. “तिघांनी माना टाकल्यात, वहिनी. मी सांगत नव्हते?”

इथं अंगणात लावलेले दोनही पिळलेल्या फडक्यासारखे पडले होते. नवरा सकाळपासून चारदा हात धुवायला मागं जाऊन आला होता.

“ठेवलीत कुठं?”

“पुढच्या गच्चीत. छान ऊन येतं.”

“वन्सं!”

“अगं, आईला अंधारात कसं ठेवू?”

“इथं अंधारातच फुलत होती की! उचला आधी. जिथं तुमचे कपडे वाळत नाहीत तिथं ठेवा, आणि माती सुकू देऊ नका.”

तिनं स्वतःच्या दोघांना पाणी घातलं, बस्स. “वरून काही झाकू का?” नवऱ्यानं विचारलं. “हात लावून बघा,” ती म्हणाली. त्यानं हात खिशात घातले. ती मात्र रोज काम सुरू करण्याआधी खाली वाकून बघायची. एक दिवस मधोमध नखाएवढं, चुरगळलेलं हिरवं दिसलं. दुसऱ्याच्याही पोटात तसंच.

नणंदेचा फोन त्यानंतर दोन दिवसांनी आला. “पान आलंय! दोघांना. तिसरं गेलं.”

“माझी दोन्ही आहेत. एक घेऊन जा, पुढल्या खेपेला.”

नणंद म्हणाली, “नको. असू दे तुझ्याकडेच. माझी मेली तर मागायला कुणीतरी हवं ना.”

“बरं,” म्हणून गादीवालीनं फोन ठेवला. पुढ्यात एक आरामखुर्ची उघडी पडली होती आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. तिनं बारीक खिळे ओठांत धरले, गुडघ्यानं कापड ताणलं आणि हातोडी उचलली.