माइकला ओठ लावण्याआधी

मेटल, म्हणजे कर्कश रॉक, वाजवणाऱ्यांना लोक घाबरतात. लांब केस, काळे टीशर्ट, गळा फाडून ओरडणं. बंगळुरात, राजाजीनगरला, आमच्या शेजारच्या अक्का तर मला पाहिलं की नातवाला आत ओढायच्या. त्यांना काय ठाऊक, त्या गल्लीतला सगळ्यांत भित्रा माणूस मीच. मला माइकची भीती वाटते. गाण्याची नाही, लोकांचीही नाही. त्या लोखंडी जाळीला ओठ टेकवायची.

आमचा बँड तिघांचा. मी गिटार वाजवतो आणि गातो, म्हणजे आईच्या मते किंचाळतो. बेसवाला निपाणीकडचा आणि ड्रमर नागपूरचा, आयटीतला. रविवारी दुपारी आम्ही बोम्मसंद्र्यातल्या एका रिकाम्या शेडमध्ये सराव करायचो, कारण तिथे शेजारी फक्त कारखाने. शेडमधलं वायरिंग जुनाट होतं आणि माझ्या अँपमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्यातून, सतत घुरघुर यायची. दुसऱ्या कुणी ती खपवून घेतली असती. पण आमच्या गाण्यांचा सगळा तोरा थांबण्यात होता. सुसाट वेगात असताना तिघांनी एकदम थांबायचं, क्षणभर चिडीचूप, आणि पुन्हा तुटून पडायचं. त्या शांततेत अँप घुरघुरला की आमची लाज निघायची.

यावर बँडवाल्यांमध्ये एक अघोरी उपाय चालतो. बेसवाल्याने पक्कड घेतली आणि अँपच्या प्लगची वरची जाड पिन, अर्थिंगची, कापून टाकली. म्हणाला, "सरी, झालं. आता स्वल्प वाजवून बघ." घुरघुर गायब! आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. बिघाड झाला तर करंटला जमिनीत जायची जी वाट होती, ती आम्ही आपल्या हाताने तोडली आणि वर कोपऱ्यावर जाऊन भजी खाल्ली.

पुढे एका रविवारी अँपच्या आत कुठेतरी वायर सुटली आणि गिटारच्या तारांत करंट उतरला. मला पत्ताच नाही. मी तारांवर हात ठेवला, गायला पुढे झुकलो आणि ओठ माइकला लागले. माइकची जाळी अर्थिंगला जोडलेली, त्यामुळे करंटला माझ्यातूनच वाट मिळाली. डावा हात गिटारवर असा आवळला गेला की सुटेना. ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. जन्मभर ओरडत आलेल्या माणसाला नेमकं तेव्हा ओरडता आलं नाही. ड्रमर ड्रम लाथाडत धावला आणि त्याने भिंतीतून प्लग उपसला, तेव्हा मी खाली कोसळलो.

डॉक्टरांनी तपासून ठणठणीत म्हटलं. आम्ही प्लग बदलला, अँप दुरुस्त केला, शेडचं वायरिंग नवं करून घेतलं. भीती काही दुरुस्त झाली नाही. कार्यक्रम मिळू लागले, बरं नाव होऊ लागलं, आणि प्रत्येक स्टेजवर माझी पाचावर धारण बसायची. मी माइकपासून लांब राहून गायचो, त्यामुळे आवाज पोचायचा नाही. शेवटी बेसवाला म्हणाला, "असंच गाणार असशील तर दुसरा गाणारा बघू या." या बँडशिवाय मला दुसरं काही धड येत नव्हतं.

तेव्हा ड्रमरने एक रीत पाडली. कार्यक्रमाआधी तो तारांना आणि माइकला टेस्टर लावून बघायचा. टेस्टरवरही माझा विश्वास नाही म्हटल्यावर माझी गिटार स्वतःच्या गळ्यात अडकवायचा, मूठभर तारा धरायचा आणि माइकला ओठ लावून म्हणायचा, "ऐकू येते का बे?" मग गिटार माझ्याकडे. तेवढ्यावर मी गायचो, आणि चांगला गायचो.

गेल्या पावसाळ्यात के. आर. पुरमकडच्या एका कॉलेजच्या मैदानावर वाजवायचं होतं. संध्याकाळची भुरभुर चालू होती. स्टेजवर पाणी, वायरी पाण्यात. आयोजकाला अर्थिंगचं विचारलं, तर तो हात झटकत म्हणाला, "एल्ला ओके सार, टाइम इल्ला!" म्हणजे सगळं ठीक आहे, वेळ नाही. बेसवाला म्हणाला, उतरू या खाली. जोडणी नीट केल्याशिवाय वाजवणार नाही म्हणून आम्ही अडून बसलो, तेव्हा कुठे वायरी उचलून घेतल्या, स्टेज पुसलं, जोडणी नव्याने केली. ड्रमरने टेस्टर लावला. दिवा लागला नाही, म्हणजे करंट नव्हता.

खाली त्याची बायको उभी होती आणि तिच्या कडेवर त्यांची मुलगी, कानांवर मोठाले हेडफोन घातलेली. ती बापाला हात करत होती. त्याने नेहमीसारखी माझी गिटार गळ्यात घातली. मी अगदी जवळ उभा होतो म्हणून मला दिसलं. तारांकडे जाणारा त्याचा हात वाटेतच थांबला आणि मागे आला. ओठ पांढरे पडले होते. माझ्या एकदम लक्षात आलं, शेडमध्ये त्या दिवशी मला माझा चेहरा दिसला नव्हता. त्याला दिसला होता. आणि तो चेहरा डोळ्यांपुढे असताना हा माणूस दर वेळी माझ्या जागी उभा राहत आला होता.

मी त्याच्या गळ्यातून गिटार काढून घेतली. 

"थांब बे," तो म्हणाला, "मी पाहतो ना एकदा."

मी तारा घट्ट धरल्या आणि माइकला ओठ लावले.