चेअरमन अंकल आणि दोन अस्वलं

आमच्या चर्चबाहेर चपला साठतात, तसे आत किस्से साठतात. फरक एवढाच, की उपासना संपली की लोक चपला घेऊन जातात. किस्से राहतात माझ्याकडं आणि माझ्या दोस्ताकडं, रोशनकडं!

नारायणगुड्यात आमचं बारकं चर्च. सकाळी तेलुगू उपासना, मग आमची मराठी. माणसं थोडीच, पण त्यात एक विजय अंकल. मंडळीचे चेअरमन. ते असल्यावर किस्स्यांची काय कमी!

*

आमच्या पाळकसाहेबांचं डोकं एकदम साफ. एकदा उपासनेतच करंट गेला. मी रोशनच्या कानात बोललो, "टेन्शन नक्को रे, साहेब आहेत ना, उजेड पडतो!"

पुढच्याच खुर्चीवर विजय अंकल. बाहेर आल्यावर माझा कान त्यांच्या हातात.

"बबल्या, संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवणाऱ्या पोरांचं बायबलमधे काय झालं? रानातनं दोन अस्वलं आली आणि फाडलं सगळ्यांना!"

मी म्हटलं, "अंकल, नारायणगुड्यात रान कुठाय? अस्वलं तर तिकडं बहादूरपुऱ्याच्या झूमधे."

"मग काय झालं? दोन बसा बदलून येतील!"

*

अंकलची खुर्ची ठरलेली. पहिल्या रांगेत, लाल उशीवाली. दुसरं कुणी बसलं की अंकल काही बोलत नाहीत, नुसते समोर उभे राहतात. बसलेला आपोआप उठतो.

एका रविवारी आम्ही ती खुर्ची उचलून एकदम मागं, चपलांच्या दाराजवळ ठेवली. योगायोग बघा, त्या दिवशी साहेबांचा उपदेशच होता, मेजवानीला गेल्यावर स्वतःहून मानाच्या जागी बसू नका म्हणून!

अंकल आले. खुर्ची शोधली. सगळे बघूलाले. आता चिडणार म्हणून आम्ही दम धरून बसलेलो. अंकल शांत मागं गेले, उशी झटकली, बसले.

"चेअरमन बसतो ती पहिली रांग! तुम्ही सगळे आज मागं बसलात."

*

आता माझी इज्जत गेली तो किस्सा.

माझी शाळा इंग्लिश मीडियम, सेकंड लँग्वेज तेलुगू. मराठी फक्त घरात बोलायची. ती वाचायची म्हणजे माझ्यासाठी गच्चीवर ड्रम चढवणं! तरी युवक संघाच्या रविवारी मला शास्त्रवाचनाला उभं केलं. एकेक अक्षर जोडत चाललो होतो, तर अंकल पुढनं मोठ्यानं, "देवाचं वचन आहे रे ते, ऑटोचा नंबर नाही!"

सगळं चर्च हसलं. माझी आईसुद्धा, तोंडावर पदर घेऊन. त्या दिवशी जेवलो नाही मी. खरंच.

*

मग बदला तर घ्यायलाच पाहिजे ना?

एरवी दर रविवारी वाचन अंकलचंच. वेदीवरच्या मोठ्या बायबलात आंटी, म्हणजे त्यांची बायको, आधीच रिबन घालून ठेवतात. त्या दिवशी मेंढपाळाचं स्तोत्र होतं. मी रिबन काढून वंशावळीत घातली. नुसती नावंच नावं, याचा बाप तो, त्याचा बाप तो!

अंकलनी रिबन धरून पान उघडलं. चष्मा सारखा केला. बोट ठेवलं. आणि मेंढपाळाचं स्तोत्र एकही चूक न करता वाचलं! बोट वंशावळीवरच फिरत होतं.

रोशन म्हणाला, "क्या रे, ये तो जादू है!"

मला मात्र हसू आलं नाही.

*

त्याच आठवड्यात ते दोघं सुलतान बाजारात दिसले. अंकलनी आंटीचं कोपर घट्ट धरलेलं. आंटी हळूच सांगत होत्या, "पायरी आहे... आता गाडी आहे."

मी हाक मारली. अंकल भलत्याच बाजूला बघून म्हणाले, "कोण, बबल्या? अरे, हिला गर्दीची भीती वाटते, म्हणून धरलंय!"

ते दुकानात बसल्यावर आंटी बाहेर आल्या. "बाळा, ऑपरेशन व्हायचंय डोळ्यांचं. शनिवारी मी वाचून दाखवते, ते पाठ करतात. कुणाला सांगू नको. त्यांना सगळं चालतं, लोक हसलेले चालत नाहीत."

"आणि मला हसले ते?" माझ्या तोंडातनं गेलंच.

आंटी म्हणाल्या, "तेही सांगते मी त्यांना. रोज."

*

आता शेवटचा. मागच्याच रविवारचा.

आंटीला ताप, त्या घरी. साहेबांनी ऐन वेळी पाठ बदलला. बाबेलचा राजा, "हे शहर मीच बांधलं" म्हणून मिरवला आणि बैलासारखं गवत खाऊ लागला, तो पाठ. अंकल वेदीवर गेले. पान साहेबांनीच उघडून दिलं. चष्मा सारखा केला. बोट ठेवलं.

बोट तिथंच अडकलं.

पंखा तेवढा आवाज करूलाला. मागं कुणीतरी खोकलं. रोशननं मला कोपर मारलं, "अब मजा आयेगा!"

मी उठलो. का उठलो, विचारू नका. पुढं जाऊन माइकमधेच म्हटलं, "अंकल, आज युवक संघाची पाळी आहे ना? विसरलात काय?"

अंकलनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या कानाकडं. मग हळूच सरकले. पण खाली गेले नाहीत, माझ्या बाजूलाच उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात टाकून.

मी सुरू केलं. पहिल्याच ओळीत त्या राजाचं नाव. नाव कसलं, मालगाडी! एक डबा जोडला, दुसरा जोडला, तिसऱ्याला अडकलो. पुन्हा पहिल्यापासून. मागच्या रांगेतनं खी खी आवाज आला. मग दुसरीकडनं.

अंकलनी चाचपडत माइक धरला आणि स्वतःकडं ओढला.

"कोण हसलं? हसा, हसा. बहादूरपुऱ्याहून दोघं निघालीत. एक बस बदलून झाली!"