भाऊजींचा रोजचा एक फोटो

माझ्या भाऊजींइतका मन लावून घाबरणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा सापडायचा नाही. इतर लोक प्रसंग पडला की घाबरतात. भाऊजी रोज, शिस्तीत, सकाळी उठल्यापासून घाबरतात. लिफ्टची भीती म्हणून चार मजले जिन्याने चढतात आणि चढताना धाप लागली की हृदयाची भीती. गॅसचं बटण तीनदा बंद करून चौथ्यांदा माझ्या ताईला विचारतात, आणि रायपुरच्या तेलीबांध्याच्या चौकापर्यंत गेलेले परत येऊन नुसता वास घेऊन जातात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. "सिग्नलवर घाबरणाराच माणूस पाहिजे," असं ते अभिमानाने सांगतात. "बिनधास्त माणूस गाड्या ठोकते."

असा माणूस रिटायर झाल्यावर फोटो काढायला लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पंडरी बाजारातल्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याने दुकान कायमचं बंद करताना जुना, रीळ घालायचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. मला वाटलं, आता तो कपाटात जाईल. पण भाऊजींनी नेम धरला: रोज सकाळी तेलीबांध्याच्या तलावावर जायचं आणि एकच फोटो काढायचा. छत्तीस दिवसांनी रीळ संपणार. मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते, नवा रायपुरच्या ऑफिसची बस पकडायला निघते तेव्हा ते जिन्यात भेटायचे. एकदा विचारलं, "भाऊजी, मोबाईलमध्ये एवढा चांगला कॅमेरा असताना हे काहून?" ते म्हणाले, "मोबाईलमध्ये लगेच दिसते ना. मले लगेच पाहाचं भेव लागते. यात महिनाभर तरी वाटते, चांगलाच आला असंल."

माणसांचे फोटो ते काढत नसत. माणूस ओरडला तर? म्हणून तलावाचा कठडा, बांधलेली नाव, रिकामा बाक. एका सकाळी रिकाम्या बाकावर नेम धरून श्वास रोखला, तेवढ्यात एक गृहस्थ येऊन बसले. भाऊजी त्यांनाच "सॉरी भैया" म्हणाले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा मिळावा म्हणून अर्धा तास आधी गेले.

पहिलं रीळ धुवायला ते स्वतः नागपूरला घेऊन गेले, कारण रायपुरात त्यांना धुणारा सापडला नाही आणि कुरिअरवर त्यांचा भरोसा नाही. स्टेशनवर सामान तपासायच्या मशीनमध्ये रिळाची डबी टाकायला ते तयार होईनात, किरणांनी रीळ खराब झालं तर? मुठीत घट्ट धरून उभे. शिपायाला संशय आला. "इसमें क्या है?" भाऊजी घामाघूम होऊन म्हणाले, "इसमें मेरा एक महीना है, भैया." शिपायाने बॅग तपासली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि डबी हातातच राहू दिली. एवढं करून नागपूरच्या माणसाने जी पट्टी धुऊन दिली ती कोरी होती. सुरुवातीला रीळ आत चाकावर अडकलंच नव्हतं. छत्तीस दिवस भाऊजी रिकामं बटण दाबत होते. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले, पण दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवं रीळ घातलं आणि रीळ सरकतंय हे कळायला वरची खुंटी फिरते की नाही हे इतक्या वेळा पाहिलं की ताई म्हणाली, "अहो, आता तिले चक्कर येईन."

दुसरं रीळ हललेलं आलं, सगळंच्या सगळं. घाबरणाऱ्याचा हात थरथरणारच. मग त्यांनी घरातल्या घरात सराव सुरू केला. चहाआधी रिकामा कॅमेरा घ्यायचा, कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास अर्धा सोडायचा आणि बोट असं दाबायचं की बोटालाही कळू नये. वहीत उजेड, वेळ आणि त्या दिवशी कशाची भीती वाटली तेही लिहायचे: "ढगाळ. कठडा. कुत्रा जवळ." चौथ्या रिळातल्या नावेच्या दोरीचे पीळ मोजता येत होते. मी तो फोटो ऑफिसच्या टेबलावर लावला. विचारणाऱ्यांना मी सांगायचे, हा एका भित्र्या माणसाने काढलाय. कोणी विश्वास ठेवायचं नाही.

एका रविवारी ती वही बघायला मी त्यांची कॅमेऱ्याची बॅग उघडली आणि तळाशी डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल निघाली. काचबिंदू. उजव्या डोळ्याची कडेची नजर जात चालली होती. तारीख कॅमेरा येण्याच्या आधीची. तीन महिन्यांनी परत तपासणीला बोलावलं होतं, आणि वर्ष होत आलं होतं. मी मान वर केली. भाऊजी दारात उभे होते. "ताईले सांगू नको," एवढंच म्हणाले.

"थेंब तरी टाकता का?"

"पयली बाटली टाकली. मग परत गेलो असतो तर डॉक्टर म्हणला असता, अजून गेली. म्हणून गेलोच नाही." मग हळूच म्हणाले, "म्हटलं, आहे तोवर रोज एक गोष्ट नीट पाहून घेऊ."

मी फाइल मिटून मांडीवर ठेवली. ताई स्वयंपाकघरातून कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. तिने फाइल हातात घेतली, वाचली आणि खाली बसली. "लिफ्टले भेलात, गॅसले भेलात, कुत्र्याले भेलात, सगळं मले सांगत आले," ती म्हणाली. "अन् खरं भ्यायचं होतं ते एकट्यानं काहून भेलात?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. कडेची नजर किती उरली ते तपासायचं होतं. अंधाऱ्या खोलीत, मशीनच्या आत बारीक ठिपके चमकतात; ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. भाऊजींनी कोपरं बरगड्यांना टेकवली आणि श्वास धरला. "अंकल, साँस लीजिए," तिथली मुलगी म्हणाली. ताई आणि मी दाराच्या फटीतून बघत, ऐकत होतो. बटण टिकटिक वाजायचं, मग थांबायचं. थांबलं की ताई माझा दंड आवळायची. त्या थांबण्यांमध्ये किती ठिपके चमकून विझले असतील, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. "जो गया वो वापस नहीं आएगा. जो बचा है उसको बचाएँगे. पर दवा रोज डालनी पड़ेगी, एक दिन भी छोड़ना नहीं."

"रोज?" भाऊजींनी विचारलं.

"रोज."

त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. "रोजचं जमते मले," ते ताईला म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा माणसाचा फोटो काढला. ताईला तलावावर नेऊन बाकावर बसवलं, तीनदा उजेड मोजला आणि "हासू नको, जशी आहेस तशीच बस" असं सांगितलं. फोटो नागपूरहून आला तेव्हा आम्ही तिघंही त्यावर वाकलो. काडीइतकाही हललेला नव्हता. पदराची वीण दिसत होती, कपाळावरची एक बट दिसत होती, आणि आयुष्यभर त्यांच्या घाबरण्याला हसत आलेल्या माझ्या ताईच्या डोळ्यांत किती भीती होती, तीही दिसत होती. भाऊजींनी तो फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. संध्याकाळच्या थेंबांची वेळ झाली, तशी ताईने बाटली आणली.

आता ते कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायला शिकून राहिले आहेत. नाक मधे येतं, आणि फोटो पुन्हा तिरपे येताहेत. सुट्टीच्या सकाळी मीही सोबत जाते. तलावाच्या वाटेवर सायकली येतात, धावणारे लोक येतात, म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूने चालते, अर्धं पाऊल पुढे. त्यांना मी कधी कारण सांगितलं नाही. परवा चालता चालता ते म्हणाले, "तू नेहमी याच बाजूनं काहून चालतं?"

"असंच," मी म्हटलं.

"हव," म्हणाले. मग उजव्या खांद्यावरची बॅग काढून त्यांनी डाव्या खांद्यावर घेतली, म्हणजे मला चालायला नीट जागा झाली.