बिननावाच्या चाळीस नोंदी

मला सांगा, ज्याला काम येतं त्याला मान द्यायचा, की ज्याने ते लिहून ठेवलं त्याला? घाईने उत्तर देऊ नका. मी घाई केली होती.

मी जळगावच्या एका खाजगी रुग्णालयात सर्व्हर सांभाळते. तळमजल्यावरच्या थंड खोलीत दोन मोठी यंत्रं आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात सॉफ्टवेअरने तयार केलेली आठ-दहा यंत्रं चालतात. एकावर केसपेपर, एकावर लॅबचे रिपोर्ट, एकावर एक्स-रे. सगळ्यांचा डेटा मात्र एकाच सामायिक स्टोरेजवर. ते भरलं की सगळं एकदम थांबतं. रुग्णालयात आम्हाला 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक येते.

नोकरीला लागून दीड महिना झाला होता तेव्हा ते पहिल्यांदा भरलं. चूक माझी होती. अपडेटच्या आधी मी केसपेपरच्या यंत्राचा स्नॅपशॉट घेतला होता. म्हणजे त्या क्षणाची स्थिती धरून ठेवायची, काही बिघडलं तर तिथे परत जाता येतं. काम झाल्यावर तो काढून टाकायचा असतो, कारण तो रोज फुगत जातो. मी त्याला बॅकअप समजून ठेवून दिलं. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येक जण एकदा करतो, आणि कुणीच मान्य करत नाही.

सोमवारी सकाळी दहाला ओपीडीची रांग दारापर्यंत गेली आणि नोंदणी बंद पडली. स्टोरेज पुरवणाऱ्या माणसाने मला एक नंबर दिला. म्हणाला, "धुळ्याचे नाना. त्यांना लाव, बाकी कुणाला लावू नको."

नाना धुळ्याच्या एका कॉलेजची सर्व्हर रूम बघायचे. पन्नाशी ओलांडलेले. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी धडाधड सगळं सांगितलं.

"जागा किती शिल्लक शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं. 'शे' म्हणजे 'आहे'.

"शून्य."

"आते काय करी राहिनी तू?"

"स्नॅपशॉट डिलीट करतेय."

"हात काढ. पहिले माउसवरून हात काढ. काढला?"

"काढला."

"जागा नसताना ते काढायला जाशील तर अर्ध्यात अडकेल. मग मी काय, माझा बाप आला तरी निघणार नाही. बिनकामाचं एखादं यंत्र शे का? टेस्टचं, ट्रेनिंगचं?"

"ट्रेनिंगचं आहे."

"ते बंद कर. बंद केलं की त्याने धरलेली जागा सुटते. थोडीच सुटेल. श्वास घ्यायला पुरेल. मग एकेक करत जाऊ."

चाळीस मिनिटं ते फोनवर होते. मध्येच म्हणाले, "आता ती पट्टी सरकेपर्यंत काही दाबू नको. चहा पी. आणि त्या डॉक्टरलोकांना सांग, ओरडल्याने डिस्क फास्ट होत नाही." मी ते सांगितलं नाही, पण चहा प्यायले. साडेअकराला रांग पुढे सरकली.

त्यानंतर मी त्यांच्या मंडळात गेले. मंडळ म्हणजे जळगाव-धुळ्याकडचे सर्व्हर आणि स्टोरेज सांभाळणारे वीसेक जण. कुणी दूध संघात, कुणी सूतगिरणीत, कुणी पतसंस्थेत. प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी एकटा. महिन्याच्या एका रविवारी पारोळ्याला हायवेवरच्या हॉटेलात बसायचं, कारण ते दोन्हीकडून मध्ये पडतं. शेवभाजी कुठली चांगली, जळगावची की धुळ्याची, यावर अर्धा तास भांडण, मग काम. कुणाचं काय बंद पडलं, कसं सुरू केलं. बहुतेक गोष्टींचा शेवट एकच असायचा: "मग नानांना फोन लावला."

आता माझं सांगते. मी दीपनगरच्या वसाहतीत वाढले. वडील वीज केंद्रात कामगार होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. मला अक्षरओळख पत्रकांवरून झाली. 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार'च्या आधी लिहिता यायचा. वडिलांचा एक नियम होता. पत्रकाखाली कुणा एकाचं नाव टाकायचं नाही. ते म्हणायचे, "एकाचं नाव आलं की बाकीचे मोकळे होतात."

हा नियम मी मंडळात आणला. आपण जे सोडवतो ते लिहून ठेवू, असा विषय निघाला होता. आम्ही वापरतो ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशी कंपनीचं एक संकेतस्थळ आहे, तिथे जगभरचे लोक अशा नोंदी टाकतात. मी उभी राहून भाषणच केलं. ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं, नावं आली की चढाओढ येते, नोंदीत कुणाचंही नाव नको.

दूध संघातला भाऊ म्हणाला, "ताई, उत्तर चुकलं तर शिव्या कुणाला द्यायच्या?"

"मंडळाला."

"मग आपण वीस जण एकमेकांना देत बसू. तसं आताही तेच करतो."

लोक हसले. मी नानांकडे पाहिलं. ते लिंबू पिळत होते. म्हणाले, "मनं नाव कसाले पाहिजे? लिखी टाक." त्यांनाच स्वतःचं नाव नको होतं. ठराव झाला.

लिहायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून मीच लिहायला लागले. संकेतस्थळावर खातं एकाच माणसाचं काढता येतं. ते माझ्या नावाचं होतं. दोन वर्षांत चाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या तीस तरी नानांच्या तोंडून आलेल्या. मी फोन स्पीकरवर ठेवायची, ते बोलायचे, मी उतरवायची. मजकुरात 'आम्हाला असं आढळलं' असं असायचं. वर खात्याचं नाव दिसायचं. तिकडे माझं लक्षच नव्हतं. पत्रकावर छापखान्याचं नाव असतंच की.

ती कंपनी दर वर्षी इतरांना मदत करणाऱ्यांना एक मानाची पदवी देते. पैसे नाहीत, एक बिल्ला आणि यादीत नाव. आमच्या लोकांत त्या यादीला वजन आहे. नोकरीच्या अर्जावर ती पदवी पहिल्या ओळीत लिहितात. मंडळाला मान मिळेल म्हणून मी अर्ज भरला. अर्जात विचारलं होतं: किती लेख, किती भाषणं, किती लेखी उत्तरं. फोनचा रकाना नव्हता.

पदवी मला मिळाली. आपल्या भागातल्या कुणाला यापूर्वी मिळालेली नव्हती. पारोळ्याला माझा सत्कार झाला. वयाने मोठे म्हणून शाल नानांनी घातली. सूतगिरणीतला एक जण म्हणाला, "आता ताईला फोन लावायचा तर अपॉइंटमेंट लागेल." नाना म्हणाले, "तिले लावशी तं ती मले लावी. डायरेक्ट मलेच लाव." सगळ्यात मोठ्याने मी हसले.

चार महिन्यांनी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. कॉलेजने सर्व्हर रूमचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं होतं. तीन जणांपैकी एकालाच एजन्सी ठेवणार होती आणि दोन दिवसांनी मुलाखती होत्या. एजन्सीच्या कागदात एक रकाना होता, व्यावसायिक समुदायातली ओळख. त्याला गुण होते.

"मना नावनं काही शे का तठे?" त्यांनी विचारलं. "त्या तुझ्या नोंदीत?"

मी म्हणाले, "करते नाना."

त्यांनी 'तुझ्या' म्हटलं होतं. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

मी त्या दुपारी जेवले नाही. चाळीस नोंदी उघडल्या. ज्या त्यांच्या होत्या त्या प्रत्येकीत वर ओळ घातली की हे उत्तर धुळ्याच्या अमुक यांनी सांगितलं. पूर्ण नाव, हुद्दा. सहा वाजेपर्यंत झालं. मला बरं वाटलं. चुकीची दुरुस्ती झाली असं वाटलं. त्यांना लिंक पाठवल्या.

मुलाखत घेणारा पुण्याहून आला होता. नानांनी नंतर मला शब्दाला शब्द सांगितलं. त्याने पहिली नोंद उघडली, दुसरी उघडली, पाच-सहा पाहिल्या. मग लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. प्रत्येक नोंदीखाली संकेतस्थळ आपोआप एक ओळ लिहितं: शेवटचा बदल कधी झाला. सगळीकडे एकच तारीख होती. दोन दिवसांपूर्वीची.

"हे सगळं परवाच कसं बदललं?" त्याने विचारलं.

नाना म्हणाले, "परवा मी फोन केला म्हणून."

ते खोटं बोलू शकले असते. बोलले नाहीत. पुढे त्याने काही तांत्रिक विचारलंच नाही. म्हणाला, ही पदवी ज्या बाईंकडे आहे त्या तुमच्या नातेवाईक आहेत का?

मंडळात आम्ही नव्या लोकांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. यंत्राने लिहिलेली तारीख पहिली बघा, माणसाने सांगितलेली नंतर. हे मी स्वतः किती जणांना शिकवलं आहे. त्या दुपारी सहा वाजेपर्यंत मी ती ओळ डोळ्यांसमोर बदलताना पाहत होते.

नानांना ठेवलं नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एकाला ठेवलं. त्याच्याकडे तीन प्रमाणपत्रं होती.

हे मला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी थंड खोलीतच होते. पंख्यांचा आवाज चालू होता. मला रडू आलं नाही. राग हा आमच्या घरचा धंदा, तोही आला नाही. मी 'हो' म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर लॅबवाल्यांचा प्रिंटर बघायला वर गेले. कागदच अडकला होता. काढला.

पदवी परत करते असं मी कंपनीला लिहिलं. उत्तर यंत्राने पाठवलं: आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत. नानांना सांगितलं तर म्हणाले, "त्याना काय उपयोग शे? तुले मिळनी, ठेव." त्यांच्या आवाजात उपकार नव्हता, आणि तक्रारही नव्हती. मला तक्रार चालली असती.

वडिलांनाही सगळं सांगून विचारलं, नियम चुकला कुठे.  ते म्हणाले, "आम्ही नाव लपवायचो ते साहेबापासून. एकमेकांपासून नाही." ही ओळ त्यांनी मला लहानपणी का सांगितली नाही, हे मी विचारलं नाही. कदाचित सांगितली असेल. मला घोषणा तेवढ्या पाठ झाल्या.

पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घेतला. या वेळी भाषण केलं नाही. दूध संघातल्या भाऊने हात वर केला, सगळ्यांनी केला, दोन मिनिटांत झालं. आता ज्याला उत्तर मिळालं त्याने त्याच दिवशी लिहायचं आणि पहिल्या ओळीत सांगणाऱ्याचं नाव. नाना त्या रविवारी आले नव्हते. त्यानंतरही आले नाहीत. फोन लावला तर उचलतात. "जागा किती शिल्लक शे?" हाच पहिला प्रश्न असतो. आता ते घरी बसून बोलतात, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. त्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण ते अजून मुलाखती देत आहेत आणि नको म्हणाले.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुम्ही कुठल्याही धंद्यात असा, तुम्हाला अडचणीत फोनवर वाट दाखवणारं एक माणूस असेलच. त्याला विचारा, तुमचं नाव लिहू का. हो म्हटलं तर लिहा, पूर्ण नाव, गाव, काय शिकवलं ते, जिथे दुसऱ्यांना दिसेल आणि खाली तारीख पडेल अशा जागी. त्याला गरज पडायच्या आधी लिहा. आजच लिहा.